टर्बाइन बोटीला लिथियम बॅटरी बसवताना विसाव्या सेकंदाचं व्होल्टेज बघा

प्रश्न फ्लोरिडात काम करणाऱ्या एका मराठी इंजिनिअरचा आहे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक कॅटमरान (जुळ्या तळाची बोट) आहे, दोन टी-५३ टर्बाइनची. प्रत्येक इंजिनाला २४ व्होल्टची, विमानात वापरतात तसली सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे, एकेक ३८ किलोची. मालकाला बोट हलकी करायची आहे. ते विचारतात: "लिथियम किती एएचची घेऊ? आणि पुण्यातला माझा मित्र इलेक्ट्रिक स्कूटरचे पॅक बनवतो, त्याच्याकडून करून आणली तर चालेल का, दादा?"

आधी एएचचा (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्या आकड्याचा) विचार बाजूला ठेवा. मी जुहूला हेलिकॉप्टरांच्या बॅटरी शॉपमध्ये ११ वर्षं काम केलं, त्यानंतर बोटींच्या विजेच्या कामात आलो. एवढ्या वर्षांत टर्बाइनच्या बॅटरीची निवड चुकलेली मी जेवढ्या वेळा पाहिली, त्यातल्या बहुतेक वेळा घेणाऱ्याने एएच पाहून बॅटरी घेतली होती.

तुमच्या इंजिनाचंच गणित मांडू. टी-५३ हे ह्यूई हेलिकॉप्टरचं इंजिन. त्यात स्टार्टर फक्त गॅस जनरेटरचा रोटर फिरवतो. प्रॉपेलरकडे जाणारं पॉवर टर्बाइन वेगळ्या शाफ्टवर असतं. बटण दाबल्यापासून एन-वन, म्हणजे गॅस जनरेटरच्या रोटरचा वेग, ४० टक्क्यांवर येईपर्यंत स्टार्टरने मदत करायची असते. साधारण २५ सेकंद धरा, सरासरी ५०० अँपिअर धरा. ५०० गुणिले २५ भागिले ३६००, म्हणजे साडेतीन एएच. तुमची आत्ताची बॅटरी ४० च्या घरात असणार. एका स्टार्टला तिचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. लागोपाठ तीन स्टार्ट केले तरी साडेदहा एएच.

अडचण येते ती ताकदीत. पहिल्या क्षणी करंट हजारापलीकडे जातो, मग रोटर वेग घेईल तसा उतरतो. या काळात बॅटरीचं व्होल्टेज किती खाली बसतं यावर स्टार्टरला मिळणारी ताकद ठरते, आणि व्होल्टेज किती बसणार हे ठरवतो बॅटरीचा अंतर्गत रोध. चांगल्या स्थितीतल्या तुमच्या लेड-अ‍ॅसिडचा रोध १० मिलिओम धरला तर ८०० अँपिअरला ८ व्होल्ट तिच्या पोटातच जातात. स्टार्टरच्या वाट्याला १६-१७ व्होल्ट उरतात. बॅटरी दोन मोसम जुनी असेल तर त्याहून कमी.

व्होल्टेज बसलं की टर्बाइनमध्ये काय होतं ते मालकाला नीट समजावून सांगा. पेट्रोल किंवा डिझेल इंजिन बॅटरी कमकुवत असेल तर घरघर करतं आणि सुरू होत नाही, नुकसान काही नाही. टर्बाइनमध्ये इंधन येऊन पेट घेतलेलं असतं. एन-वन रेंगाळला तर आतून वाहणारी हवा कमी, इंधन तेवढंच, आणि ईजीटीचा, म्हणजे एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचा, काटा लाल रेषेकडे धावतो. यालाच हॉट स्टार्ट म्हणतात. नोझल आणि पाती एकदा भाजली की इंजिन उघडावंच लागतं, आणि तो खर्च कुठल्याही बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. म्हणून तुमच्या मालकाला मी असं सांगेन: लिथियम घ्यायचं खरं कारण थंड आणि झटपट स्टार्ट हे आहे. वजन कमी होतं तो त्यावरचा फायदा.

वजनाबद्दलही खरं ते बोलू. टी-५३ चं एल-१३ मॉडेल कोरडं असताना २४५ किलोच्या आसपास भरतं आणि १४०० शाफ्ट हॉर्सपॉवर देतं. टर्बाइनची बोट मुळातच मागे हलकी असते. दोन्ही बॅटऱ्यांत मिळून तुमचे ५० किलो वाचतील. काही टनांच्या कॅटमरानवर त्याने सरळ रेषेतला वेग जाणवण्याइतका वाढणार नाही. पण ते ५० किलो कुठून निघाले आणि गुरुत्वमध्य किती सरकला, याने पाण्यावरचा तोल बदलतो. अमेरिकेत अनलिमिटेड हायड्रोप्लेन नावाच्या अतिवेगवान बोटींच्या शर्यतीत टी-५५ इंजिनं वापरतात, तिथे बोटीच्या किमान वजनाचा नियमच आहे. हलकी बॅटरी बसवून वाचलेलं वजन ते दुसरीकडे, हव्या त्या जागी ठेवतात. तुम्हीही बॅटरी बदलली की बोट पुन्हा तोलून बघा. आधीच्या ट्रिमच्या (तोलाच्या) खुणांवर विसंबून पहिल्याच दिवशी पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

आता रसायन. या कामाला लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्या, याबाबत माझ्या मनात शंका नाही. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचे) सेल त्याहून हलके असतात हे खरं. पण स्टार्टरला लागणारी ऊर्जा इतकी थोडी आहे की तो हलकेपणा इथे कामालाच येत नाही, आणि बिघडला तर एनएमसी सेल फॉस्फेटपेक्षा कमी तापमानाला आणि जास्त जोराने पेटतो. शिवाय फॉस्फेटचं गणित तुमच्या बोटीच्या २८ व्होल्टच्या यंत्रणेत आपसूक बसतं. आठ सेल एकापुढे एक जोडले की नाममात्र २६ व्होल्टच्या आसपास होतात, आणि जनरेटरचे २८ ते २८.४ व्होल्ट म्हणजे प्रत्येक सेलला साडेतीन व्होल्ट किंवा किंचित जास्त. सेलची ३.६५ ची मर्यादा ओलांडली जात नाही. लिथियम टायटनेट नावाचा तिसरा प्रकार आहे. तो दणकट आहे, कडाक्याच्या थंडीतही चालतो, पण वजनदार. फ्लोरिडात त्याची गरज नाही.

फॉस्फेट म्हटलं की काम संपलं असंही नाही. त्यात दोन जाती आहेत आणि तुमच्या मित्राच्या पॅकचा प्रश्न इथेच येतो. एक सेल ऊर्जेसाठी बनवलेला असतो: सोलर, स्कूटर, घरचा इन्व्हर्टर. दुसरा ताकदीसाठी. १०० एएचचे चौकोनी सेल बाजारात सहज मिळतात, आठ सेलचं वजन १६ किलोच्या आसपास. कागदावर ते तुमच्या आत्ताच्या बॅटरीच्या दुप्पट दिसतील. पण अशा सेलची अर्ध्या मिनिटाची मर्यादा बहुधा क्षमतेच्या तिप्पट असते, म्हणजे ३०० अँपिअर. तुम्ही मागणार ८०० आणि पहिल्या झटक्याला त्याहून बरेच जास्त. याउलट २६६५० मापाचा (२६ मिमी जाड, ६५ मिमी लांब) ताकदीचा गोल सेल घ्या. अडीच एएच, ७६ ग्रॅम, आणि सतत ७० अँपिअर, दहा सेकंदांसाठी १२० अँपिअर देण्याची त्याची लेखी हमी. आठ एकापुढे एक आणि बारा समांतर, एकूण ९६ सेल. सेलचं वजन सव्वासात किलो, पेटी आणि बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) यांसकट १२-१३ किलो. क्षमता फक्त ३० एएच. भाराखाली प्रत्येक सेलचा रोध १० मिलिओम धरला तर पॅकचा होतो ६.७. त्यामुळे ८०० अँपिअरला हा पॅक २१ व्होल्टवर उभा राहतो, जिथे तुमची लेड-अ‍ॅसिड १६-१७ वर बसत होती. हे चार-साडेचार व्होल्ट विकत घ्यायचे आहेत तुम्हाला. आणि प्रत्येक स्टार्टला हा पॅक जेमतेम चार-पाच अंशांनी तापतो.

मग पॅक आणखी मोठा केला तर आणखी चांगलं? नाही, आणि ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. स्टार्टर स्थिर उभा असताना करंट अडवायला फक्त रोध असतो: बॅटरीचा, केबलचा आणि स्टार्टरच्या वाइंडिंगचा. केबल आणि स्टार्टर मिळून १२ मिलिओम आहेत असं समजा. लेड-अ‍ॅसिडने पहिला झटका ११०० अँपिअरचा बसत होता. बारा समांतरच्या पॅकने १४०० चा बसेल. चोवीस समांतर केलेत तर १७०० च्या वर. तेवढा पिळा स्टार्टरच्या शाफ्टवर येतो. त्या शाफ्टला मुद्दाम एक बारीक मान ठेवलेली असते, काही अडकलं तर तीच तुटावी म्हणून. जोरकस बॅटरीने ती विनाकारण तुटलेली मी हातात धरून पाहिली आहे. तेव्हा बारा ते चौदा समांतर एवढ्यावर थांबा.

बीएमएसवर, म्हणजे सेलांवर नजर ठेवणाऱ्या सर्किटवर, जरा थांबायला हवं. "जुनी काढा, ही ठेवा" म्हणून विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांत बीएमएस आतच असतो आणि सगळा करंट त्याच्या ट्रान्झिस्टरांतून जातो. मर्यादा १०० किंवा २०० अँपिअरची. ती ओलांडली की तो बॅटरी तोडतो, कारण त्याला तसंच शिकवलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका तळ्यावर मी स्वतः हे पाहिलं. मालकाने अशाच दोन बॅटऱ्या समांतर लावल्या होत्या. पहिला झटका त्यांनी सोसला, आणि साधारण बाराव्या सेकंदाला बीएमएसने हात वर केले. इंधन पेटलेलं, स्टार्टर मेलेला, आणि डॅशबोर्डही त्याच बॅटरीवर असल्याने ईजीटी मीटर काळा. काय चाललंय हे चालवणाऱ्याला दिसतच नव्हतं. टेलपाइपमधून ज्वाळा दिसल्या तेव्हा काठावरून कुणीतरी ओरडलं. इंजिन उघडल्यावर पहिल्या टप्प्याची पाती वितळून गोल झालेली होती.

त्यावरून माझे दोन नियम पक्के झाले. एक, स्टार्टरचा करंट बीएमएसच्या इलेक्ट्रॉनिक्समधून जाऊ द्यायचा नाही. बीएमएसने सेल मोजावेत, समतोल ठेवावेत, चार्जिंग रोखावं, आणि डिस्चार्जच्या बाबतीत आधी दिवा आणि भोंगा द्यावा. तोडायचंच तर वेगळ्या दणकट कॉन्टॅक्टरने, आणि स्टार्ट चालू असताना तर नाहीच. दोन, मीटर, इंधन बंद करणारा व्हॉल्व्ह, अग्निशमन आणि बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) यांना स्वतःची वेगळी लहान बॅटरी. टी-५३ चा फ्युएल कंट्रोल यांत्रिक आहे, वीज गेली तरी इंजिन फिरत राहतं. पण पुष्कळ बोटींत इंधन तोडणारा व्हॉल्व्ह विजेच्या मोटरवर चालतो. ताशी १५० मैलांवर वीज गेली, इंजिन चालू राहिलं आणि ते बंद करायला वीज नाही, अशी वेळ कुणावर येऊ नये.

चार्जिंगची बाजू सोपी वाटते, तिथेही एक खाच आहे. इंजिन सुरू झालं की स्टार्टरच जनरेटर बनतो. तुमचा हा स्टार्टर-जनरेटर ३०० अँपिअर देऊ शकतो आणि लिथियम मिळेल तेवढं गटागट पितो. लेड-अ‍ॅसिड भरत आली की स्वतःच करंट कमी घेते. लिथियम शेवटपर्यंत ओढत राहतो. स्टार्ट झाल्याबरोबर, इंजिन आयडलवर (मंद वेगावर) असताना, जनरेटरला थंड हवा कमी मिळत असताना त्याच्यावर पूर्ण भार पडतो आणि ब्रशेस जळतात. जनरेटरच्या कंट्रोल युनिटला करंटची मर्यादा घाला, ३० एएचच्या पॅकला ६० अँपिअर पुरेत. निव्वळ शर्यतीची बोट असती तर मी जनरेटरचं चार्जिंग काढूनच टाका म्हटलं असतं: धक्क्यावर चार्जर लावायचा, दिवसभराचे स्टार्ट पॅकमधूनच काढायचे. पण तुमचे मालक पाहुण्यांना घेऊन फिरतात, तेव्हा मर्यादा घातलेलं चार्जिंग ठेवा.

आणि भरलेपणा व्होल्टमीटरवरून ओळखायचा प्रयत्न करू नका. निकेल-कॅडमियम आणि लेड-अ‍ॅसिडवर हात बसलेल्या माणसाला ही सवय सोडणं जड जातं, मलाही गेलं. फॉस्फेटचा सेल ४० टक्क्यांवर आणि ८० टक्क्यांवर जवळपास सारखंच व्होल्टेज दाखवतो. शंट बसवा, आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा मीटर लावा.

जागा आणि केबल. टर्बाइनच्या खोलीत एक्झॉस्टजवळ बॅटरी ठेवू नका, ४५ अंशांच्या वर सतत राहिली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. पण म्हणून ती थेट पुढे नेऊन ठेवायचीही घाई नको. ९५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल दर मीटरला साधारण ०.१८ मिलिओम रोध धरते. बॅटरी इंजिनापासून ६ मीटर दूर ठेवलीत तर जाऊन-येऊन १२ मीटर: ८०० अँपिअरला पावणेदोन व्होल्ट केबलमध्येच गेले, आणि नुसत्या तांब्याचं वजन १० किलो. दोन इंजिनांचे २०. एवढा खर्च करून वाचवलेल्या वजनातले ४० टक्के तुम्ही तांब्यात परत भरलेत. दीड मीटरवर ठेवलीत तर अर्ध्या व्होल्टच्या आत आणि तांबं अडीच किलो. इंजिन खोलीच्या बल्कहेडला (आडव्या भिंतीला) लागून, पलीकडच्या बाजूला, उष्णतारोधक पत्रा लावून, ही माझी आवडती जागा.

बोट लाटेवर आपटते तेव्हा सेलवर वजनाच्या अनेक पट भार येतो. गोल सेल साच्यात घट्ट बसलेले हवेत, बसबार वेल्ड केलेले, आणि बाहेरच्या लगांना (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्यांना) हायड्रॉलिक क्रिम्प, म्हणजे यंत्राने दाबून घट्ट केलेला जोड. कार्बन फायबरची तळी असेल तर तिला बॅटरीची पेटी थेट टेकवू नका. कार्बन वीज वाहून नेतो आणि खाऱ्या पाण्यात शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमला खातो. मधे जी-१० चा (काचतंतू आणि रेझिनचा, वीज न वाहणारा) तक्ता घाला.

आगीबद्दल. २०१३ च्या जानेवारीत बोइंग ७८७ च्या दोन विमानांत लिथियम बॅटऱ्या बिघडल्या. त्यातली बॉस्टनची बॅटरी एपीयू, म्हणजे छोटं टर्बाइनच, सुरू करण्यासाठी होती. त्यात कोबाल्ट ऑक्साइडचे सेल होते, फॉस्फेटचे नव्हते. पण एका सेलमधला बिघाड शेजाऱ्यांना लागत गेला, हा धडा सगळ्यांना लागू आहे. उपाय म्हणून सेलांमधलं रोधन वाढवलं, बॅटरीभोवती स्टीलची पेटी आली आणि वायूला थेट बाहेर जायला नळी दिली. पॅक बनवणाऱ्याला याच तीन गोष्टी विचारा. फॉस्फेट सहज पेटत नसला तरी बिघडल्यावर ज्वलनशील आणि विषारी वायू सोडतो, आणि तुमच्या शेजारी इंधनाची टाकी आहे. वायूची नळी बोटीबाहेरच गेली पाहिजे. इंजिन खोलीतला गॅसचा अग्निशामक ज्वाळा विझवेल, पण सेलच्या आतलं तापणं थांबवणार नाही. त्याला भरपूर पाणीच लागतं.

बोट उलटली तर? २०२२ मध्ये इयन वादळानंतर तुमच्याच फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या काही दिवसांनी पेटल्या होत्या. समुद्रात बुडालेला पॅक वरून शाबूत दिसला तरी मेला असंच समजा. ती बोट शेडमध्ये घेऊ नका, उघड्यावर, इमारतींपासून ५० फूट लांब ठेवा. डेकवर बाहेरून हात पोचेल अशी मेन स्विच आणि तिच्याजवळ बॅटरी कुठे आहे याची ठळक खूण हवीच. बचाव पथकातला पाणबुड्या तुमच्या माणसाला काढायला त्या गढूळ पाण्यात उतरणार असतो. त्याला ही माहिती असणं हा त्याचा हक्क आहे.

आता पुण्याच्या मित्राबद्दल. पॅक बनवण्यात आपल्याकडची मुलं हुशार आहेत, त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण स्कूटरचा पॅक ऊर्जेच्या सेलचा असतो. बसबार, वेल्ड, बीएमएस सगळं त्या करंटसाठी आखलेलं. वर, आपला ३० एएचचा पॅक साधारण ८०० वॅट-अवरचा होतो, आणि १६० च्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी सामानातून नेताच येत नाही. मालवाहतुकीने पाठवायची तर युएन ३८.३ ची (लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली) चाचणी झालेली असली पाहिजे, आणि एकट्यासाठी बनवलेल्या पॅकची ती नसते. तिकडेच मिळणारा, टर्बाइन स्टार्टसाठी बनवलेला पॅक घ्या आणि विकणाऱ्याकडे भाराखालचा व्होल्टेज-वेळ आलेख मागा. देऊ शकला नाही तर पुढे जा. एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं ई-१३ हे बोटींतल्या लिथियमसाठीचं मानक आहे. विम्याचा सर्व्हेअर तेच काढून बसेल, तेव्हा काम सुरू करण्याआधी वाचून घ्या.

एक काम मात्र पैसे खर्च करण्याआधी करा. इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, जुन्याच बॅटरीवर, मॅन्युअलमधली स्टार्टरची वेळेची मर्यादा आणि मधली विश्रांती पाळून इंजिन नुसतं फिरवा. डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा, स्टार्टरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि एन-वन यांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पाचव्या, दहाव्या आणि विसाव्या सेकंदाचे आकडे कागदावर उतरवा. बॅटरीच्या टर्मिनलवर १७ आणि स्टार्टरवर १४ व्होल्ट दिसले तर दोष केबलमध्ये किंवा एखाद्या गंजलेल्या लगमध्ये आहे, आणि तो नव्या बॅटरीनेही जाणार नाही. दोन्ही इंजिनांचे आकडे मला पाठवा, किती समांतर सेल हवेत ते त्यावरून नक्की सांगता येईल.